संगणकजाळ्याचा धडा : आकृत्या आहेत, संदेश नाही

संगणकजाळ्यावरचा धडा कोणत्याही पुस्तकात उघडावा, त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी व्याख्या, मग लॅन, मॅन आणि वॅन हे तीन प्रकार, मग बस, स्टार, रिंग अशा जोडणीच्या आकृत्या आणि शेवटी फायदे, तोटे व दैनंदिन जीवनातील उपयोग. पाठ्यपुस्तक असो की शिकवणीच्या नोट्स, क्रम फारसा बदलत नाही. या धड्यात चुकीचे असे थोडेच आहे. तक्रार आहे ती राहून गेलेल्या गोष्टीबद्दल. धडा संपल्यावर विद्यार्थ्याला जाळ्याचे प्रकार सांगता येतात, पण एका संगणकावरून निघालेला संदेश दुसऱ्यापर्यंत पोचतो कसा, हे मात्र सांगता येत नाही. टपालखात्यावर धडा लिहावा आणि त्यात पत्राचा उल्लेखच करू नये, तसे हे झाले आहे.

जुन्या दूरध्वनीपासून सुरुवात केली तर ही गोष्ट मुलांना सहज कळते. मुंबईहून नागपूरला ट्रंक कॉल लागला की दोन्ही टोकांमधली एक वाट त्या दोघांसाठी राखून ठेवली जाई. ते बोलोत की गप्प बसोत, ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. संगणकांचे बोलणे तुटक असते. क्षणभर भडिमार, मग बराच वेळ काहीच नाही. त्यांच्यासाठी वाट अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे एकच उपाय सुचला. संदेशाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि अनेकांचे तुकडे एकाच तारेवरून मिसळून सोडायचे. या तुकड्याला पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिले. इथरनेट जाळ्यात एका पॅकेटात साधारणपणे १५०० बाइट मावतात. म्हणजे ३ लाख बाइटांच्या छायाचित्राची २०० हून अधिक पॅकेटे होतात.

वाटेवरची राउटर नावाची यंत्रे पत्ता पाहून पॅकेट पुढे ढकलतात. गर्दी झाली तर पॅकेटे रांगेत थांबतात आणि रांगेतही जागा उरली नाही तर चक्क टाकून दिली जातात. हा बिघाड नव्हे. जाळ्याची रचनाच तशी आहे. पोचवण्याची हमी मधले कोणी देत नाही. क्रम लावणे, काय आले नाही ते ओळखणे आणि हरवलेले पुन्हा पाठवणे हे टोकांवरच्या संगणकांनी करायचे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या नियमांचा हा गाभा आहे. आमच्या धड्यात नेमका हाच गाभा सापडत नाही.

न सापडल्याने काय बिघडते? २०२० सालच्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी दूरस्थ वर्ग घेतले. गृहपाठाच्या वहीचे छायाचित्र व्यवस्थित यायचे, पण त्याच मुलाला तोंडी प्रश्न विचारला की आवाज तुटायचा. ‘चित्र येते तर आवाज का येत नाही?’ हा संशय माझ्याही मनात आला होता आणि एकदोघांना मी बोललोही. खरे कारण वर आलेच आहे. छायाचित्राची हरवलेली पॅकेटे पुन्हा मागवता येतात. त्यात दोन मिनिटे गेली तरी कोणाला कळत नाही. बोलण्याचे पॅकेट उशिरा आले तर ते निरुपयोगी असते, म्हणून ते सोडून पुढे जावे लागते. वाट तीच आणि गळतीही तीच. एका ठिकाणी ती उशिरात जिरते, दुसऱ्या ठिकाणी कानाला ऐकू येते. ती मुले खोटे बोलत नव्हती.

आता लॅन, मॅन आणि वॅन. हे वर्गीकरण मुख्यतः अंतरावर बेतलेले आहे, आणि ‘जवळचे जाळे वेगवान, दूरचे मंद’ एवढाच बोध विद्यार्थी त्यातून घेतो. त्याला १९८६ च्या ऑक्टोबरची एक हकिगत सांगावी. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अवघे ४०० यार्डांचे अंतर. त्यांच्यातील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. चालत जाऊन कागद देऊन येणे सोपे पडले असते! तार तुटली नव्हती. गर्दीमुळे पोच यायला उशीर होई, पाठवणारा संगणक समजे की पॅकेट हरवले, तो ते पुन्हा पाठवी, त्याने गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली यावरचे उपाय प्रसिद्ध केले. त्यांचा मुख्य रोख असा, की पॅकेट हरवू लागले की पाठवणाऱ्याने आपला वेग झटकन कमी करावा आणि मग हळूहळू वाढवत न्यावा. हे आपल्या टीसीपी नियमांत तेव्हापासून आहे. कोणी हुकूम न देता लक्षावधी संगणक एकमेकांसाठी थांबतात. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनाही हे उदाहरण उपयोगी पडेल.

आकृत्यांचेही असेच. स्टार आज शाळेच्या संगणककक्षात दिसतो. ती आकृती उपयोगाची आहे. एका समाक्ष तारेला सर्व संगणक लटकवणारी बस आता व्यवहारातून जवळजवळ गेली. ती शिकवायला हरकत नाही, पण मग ज्या प्रश्नाचे ती उत्तर होती तो प्रश्न तरी सांगावा. एका तारेवर दोघे एकदम बोलले तर काय? १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील केंद्रात सुरू झालेल्या इथरनेटचे उत्तर होते : दोघांनी थांबावे, प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ, आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. तार गेली तरी प्रश्न उरलाच. वाय-फायमध्ये सर्वांची मिळून एकच हवा आहे आणि तिथेही असा यादृच्छिक थांबा घ्यावा लागतो.

उपयोगांच्या यादीत रेल्वे आणि बँक असतेच, पण एका ओळीपुरती. पूर्वी दुसऱ्या केंद्राच्या हद्दीतल्या परतीच्या आरक्षणासाठी तार करून उत्तराची वाट पाहावी लागे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ साली परस्परांशी जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीवर कुठलेही तिकीट मिळू लागले. यादीत हे नसते. ‘पैसे कापले गेले, तिकीट आले नाही’ हा घरोघरचा अनुभवही नसतो. वास्तविक तो या धड्याचा उत्तम प्रश्न आहे. पोच आली नाही, तेव्हा मागणी जाताना हरवली की उत्तर येताना, हे पाठवणाऱ्याला कळू शकत नाही. म्हणूनच पुन्हा बटण दाबण्याआधी खात्याची नोंद पाहायची असते.

अणुयुद्धातून वाचावे म्हणून इंटरनेट जन्मले, ही चौकटीतली माहितीही आता काढावी. बॅरन यांचा अभ्यास हल्ल्यात टिकणाऱ्या संदेशवहनाचाच होता. पण २९ ऑक्टोबर १९६९ रोजी ज्यावरून पहिला संदेश गेला ते अर्पानेट दूरचे महागडे संगणक संशोधकांना वाटून वापरता यावेत म्हणून उभारले होते. १९६६ साली ही कल्पना पुढे रेटणाऱ्या रॉबर्ट टेलर यांच्याकडे तीन संगणकांसाठी तीन वेगळी टर्मिनले होती आणि त्यांचा आपसांत काहीच संबंध नव्हता.

वर्गात करण्याजोगे म्हणाल तर पाठाचा एक परिच्छेद दहा चिठ्ठ्यांवर उतरवून शेवटच्या बाकाकडून पहिल्या बाकाकडे पाठवावा. मधल्या मुलांना दोन चिठ्ठ्या गुपचूप खिशात घालायची मुभा असावी. क्रमांक घालायचे, पोच मागायची, हे मुलांनाच सुचू द्यावे. पंधरा मिनिटांत सुचते. पोचेच्या चिठ्ठ्याही हरवू लागल्या की खरा गोंधळ सुरू होतो, तेव्हा तास संपायला दहा मिनिटे शिल्लक ठेवावीत. लॅन-वॅनमधला फरक परीक्षेत येणारच. तो दुसऱ्या दिवशी सांगितला तरी चालतो.