बुडालेलें जहाज आणि कवीचें उत्तरदायित्व

खऱ्या माणसांच्या मृत्यूवर कवि जेव्हां काव्य रचतो, तेव्हां वस्तुस्थितीचें बंधन त्यानें कितपत पाळावें, हा प्रश्न आपल्या वाङ्मयांतहि नवा नाहीं. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यांतील घोरपड इतिहाससंशोधकांस पटली नाहीं, म्हणून त्या पोवाड्याचा वीररस कोणी कमी लेखीत नाहीं. परंतु आज तो पोवाडा ऐकणाऱ्यांत तानाजीचें कुटुंब बसलेलें नसतें. ज्या गीताच्या श्रोत्यांत मृतांच्या आया, बायका व मुलें प्रत्यक्ष आहेत, त्यालाहि हाच उदार न्याय लावावा काय? कॅनडाचा गायक-कवि गॉर्डन लाइटफुट याचें 'एडमंड फिट्झजेराल्ड' या जहाजावरील 1976 सालचें गीत पुन्हां ऐकतांना हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला.

प्रसंग थोडक्यांत असा. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर नांवाचें समुद्रासारखें विस्तीर्ण सरोवर आहे. 'फिट्झजेराल्ड' हें 729 फूट लांबीचें मालवाहू जहाज सुमारें 26,000 टन लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन 9 नोव्हेंबर 1975 रोजीं तेथील एका बंदरांतून निघालें, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं वादळांत दिसेनासें झालें. मदतीची हांक आली नाहीं. जहाजावरील 29 माणसांपैकीं एकहि वांचला नाहीं. एकाचेंहि प्रेत किनाऱ्याला लागलें नाहीं. दोन तुकडे होऊन तें जहाज 530 फूट खोल पाण्यांत पडलें आहे, पुढचा भाग सरळ व मागचा पालथा.

लाइटफुटच्या गीताला पालुपद नाहीं. एकाच चालीवर एकामागून एक कडवीं येत राहतात, आणि साडेसहा मिनिटांत गीत संपतें. शोकाचा उमाळा आणण्याचा मोह टाळून कवीनें मालाचें वजन, महिना, वारा असल्या कोरड्या तपशिलांवर भिस्त ठेविली आहे, व त्या कोरडेपणांतूनच करुणरस पाझरतो. हें सरोवर आपले मृत परत देत नाहीं, ही तेथील मूळ रहिवाशांची म्हणून सांगितलेली समजूत त्यानें आरंभीं व शेवटीं योजिली आहे. तिला शास्त्राचाहि आधार आहे. तळाशीं पाणी सुमारें 4 अंश सेंटिग्रेड इतकें थंड असतें; त्या थंडीत कुजविणारे जंतु मंदावतात, देहांत वायु सांठत नाहीं, म्हणून देह वर येत नाहीं. लोकसमजूत आणि वस्तुस्थिति येथें एकमेकींस भेटल्या आहेत, आणि गीताचें बळ या भेटींत आहे.

जेथें कवि कल्पनेनें उतरला तेथें पाठीवर वायूचीं नळकांडीं बांधून माणसें देहानें उतरलीं, तीं जवळजवळ वीस वर्षांनीं. 1 सप्टेंबर 1995 रोजीं दोन पाणबुडे या जहाजापर्यंत पोंचले. त्या खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सोळा-सतरा पट असतो. साधी हवा तेथें उपयोगी पडत नाहीं. नत्रवायूनें गुंगी येते आणि प्राणवायूच विषासारखा होतो. म्हणून श्वसनाच्या मिश्रणांत हेलियम घालावा लागतो. उतरण्यास सहा मिनिटें, जहाज पाहण्यास सहा मिनिटें, आणि वर येण्यास तीन तास, असा तो प्रवास झाला. कारण दाबामुळें शरीरांत विरघळलेला वायु, माणूस घाईनें वर आल्यास, बुडबुड्यांच्या रूपानें मोकळा होऊन जिवावर बेततो. त्यांनीं जहाजाला हात लावला. परंतु तें कां बुडालें, हें त्या स्पर्शानें सांगितलें नाहीं.

आणि नेमकें तेंच कवीनें 1976 सालीं सांगून टाकिलें होतें! मालखान्यावरील मुख्य झांकण सायंकाळीं 7 वाजतां कोसळलें, असें गीतांत होतें. पुढें 1977 च्या तटरक्षक दलाच्या अहवालानेंहि झांकणांकडेच बोट दाखविलें. सरोवरांतील जहाजमालकांच्या संघानें मात्र जहाज उथळ खडकावर घांसलें असावें, असें मत दिलें. वाद मिटला नाहीं. गीतांत दुसरीहि चूक आहे: जहाज डेट्रॉइटजवळ जाणार होतें, कवि त्याला क्लीव्हलंडला नेतो. ही चूक घोरपडीच्या जातीची. तिनें कोणाच्या अब्रूला धक्का लागत नाहीं. झांकणाची गोष्ट तशी नाहीं. तीं झांकणें घट्ट करण्याचें काम ज्या खलाशांकडे होतें, त्यांच्या घरीं ती ओळ आरोपासारखी ऐकूं जाणार. चूक लहान कीं मोठी हें तिच्या अंतरावरून ठरवूं नये. तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, यावरून ठरवावें.

2010 सालीं दूरचित्रवाणीच्या एका शोधकार्यक्रमानें खलाशांकडे दोष जात नाहीं असें प्रतिपादिलें, तेव्हां लाइटफुटनें गातांना ती ओळ बदलली. त्या वेळीं अंधार पडला, एवढेंच तो गाऊं लागला. प्रसिद्ध झालेली कृति कवीनेंहि बदलूं नये, असें म्हणणारे रसिक आहेत. मूळ ध्वनिमुद्रिकेंत जुनी ओळ कायम आहेच, तेव्हां त्यांचें कांहीं हरवलें नाहीं. आमच्या मतें नवी ओळ काव्यदृष्ट्याहि सरस आहे. जें कोणी पाहिलें नाहीं तेथें अंधार म्हणणें हेंच खरें वर्णन होय.

तथापि एक दोष राहिलाच. गीतांतील आचारी सोबत्यांचा निरोप घेतो. तें भाषण कवीचें आहे. खऱ्या मृताच्या तोंडीं कल्पित शब्द घालण्याचें येथें कारण नव्हतें. कारण खरे शब्द उपलब्ध होते. मागून येणाऱ्या जहाजानें विचारपूस केली, तेव्हां कप्तान मॅकसॉर्ली यानें बिनतारी यंत्रावर शेवटचें उत्तर दिलें, तें आपण तग धरून आहोंत, अशा अर्थाचें होतें. निरोपाच्या कोणत्याहि रचलेल्या वाक्याहून हें साधें उत्तर अधिक हृदयद्रावक आहे. कवीनें तें सोडून दिलें, याचें नवल वाटतें.

मृतांच्या आप्तांच्या इच्छेवरून 4 जुलै 1995 रोजीं जहाजाची घंटा वर काढून तिच्या जागीं 29 नांवें कोरलेली दुसरी ठेवण्यांत आली. 2006 पासून ऑन्टॅरिओच्या कायद्यानें परवान्याशिवाय जहाजाच्या 500 मीटरांच्या आंत उतरण्यास बंदी घातली. तें आम्हांस योग्य वाटतें. थडग्यावर सहलीस जाऊं नये. आतां बहुतेकांस तेथवर जाण्याचा मार्ग गीताचाच उरला आहे, म्हणून तो स्वच्छ असणें अगत्याचें होतें. लाइटफुट 1 मे 2023 रोजीं वारला, तेव्हां गीतांत जिचा उल्लेख आहे त्या डेट्रॉइटच्या खलाशांच्या प्रार्थनामंदिरांतील घंटा तीस वेळां वाजविण्यांत आली: 29 टोले जहाजावरील माणसांसाठीं, आणि एक कवीसाठीं.