फिरता बाजार, पण कुणासाठी?

मंडळी, आजच्या विषयात 'फिरता खाद्यबाजार' असा शब्द आहे, आणि आमची तक्रार त्यातल्या 'फिरता' या शब्दाबद्दलच आहे. कल्पना तुम्हाला ठाऊक आहे. वस्ती बदलते, भाडी वाढतात, जुन्या खाणावळी आणि गाड्या उठतात. मग कुणीतरी सुचवतं, विक्रेत्यांना चाकांवरचं स्वयंपाकघर द्या, शनिवार-रविवार एखाद्या मैदानात बोलवा, दिवे लावा, स्थानिकांना आधार मिळेल. हेतू चांगला आहे. ट्रकमध्ये पाण्याची टाकी असते, सिलिंडर नीट बसवता येतो, गाळ्याचं भाडं वाचतं. हे आम्ही नाकारत नाही.

पण हीच कल्पना लोअर परळला लावून बघू.

इथे गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या आणि खाणंही पाळीच्या भोंग्यावर चालायचं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवायचे. रांधणाऱ्या बायका सावकाराच्या देण्यात अडकलेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा या बायकांना काय मिळालं? बँकेचं कर्ज आणि संघटना. गिऱ्हाईक मिळवून द्यावं लागलं नाही. ते रोज त्याच दारात, त्याच वेळेला येतच होतं. खाण्याच्या धंद्यातलं खरं भांडवल ते. उधारीसुद्धा त्यावरच चालते, कारण उद्या माणूस इथेच भेटणार हे दोघांनाही माहीत असतं.

१९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनींची वाट मोकळी केली. मॉल आले, कचेऱ्या आल्या. म्हणून खाणारा गेला का? अजिबात नाही. काचेच्या इमारतींतले पहारेकरी, सफाई कामगार, डिलिव्हरीची पोरं, आणि खरं सांगायचं तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले साहेबलोकही वडापाव शोधत खालीच येतात. गिऱ्हाईक आहे. विकणाऱ्याला उभं राहायला जागा नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या पुलावरून नव्या कचेऱ्यांची सगळी गर्दी जात होती. नंतर कारवाईचा जोर मात्र फेरीवाल्यांवर आला, आणि स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको, हे त्याच नोव्हेंबरात हायकोर्टाने बजावलं. पुलावर कुणी बसू नये, हे आम्हालाही मान्य. पण मग बसायचं कुठे?

याचं उत्तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आहे. आधी सर्वेक्षण करायचं, ते पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. विकणारे-घेणारे वर्षानुवर्षं जिथे जमतात तो 'नैसर्गिक बाजार' ध्यानात घ्यायचा. समितीत किमान ४० टक्के विक्रेते, तेही निवडून आलेले. मुंबईत सुमारे ९९ हजार अर्ज आले, पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास, आणि समितीच्या मतदानाला ऑगस्ट २०२४ उजाडला. दहा वर्षं!

या दहा वर्षांत हातगाडीवाला फिरतच होता की. पालिकेची गाडी आली की पळायचं, गेली की परत यायचं. त्याला 'फिरता' करून आपण नवीन काय देणार? ट्रकला काही लाख लागतात, आणि तो उभा करायला खासगी आवार लागतं. म्हणजे गिरणीच्या जमिनीवरून उठलेला माणूस पुन्हा त्याच जमिनीवर दोन दिवसांचा भाडेकरू म्हणून येणार, रात्री दिवे मालवले की जाणार. नव्या शेजाऱ्यांना हे बरं पडतं. त्यांना चव हवी असते, रांधणारा शेजारी नको असतो.

फूड ट्रकचा दाखला लॉस एंजेलिसचा देतात. २००८ मध्ये तिथे कोगीचा ट्रक गाजला, खरंय. पण पदपथावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचा धाक कमी झाला तो २०१८ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने. पदपथावर विकलं म्हणून फौजदारी शिक्षा नाही, हे त्याने ठरवलं. त्यात ट्रक कुठेच नव्हता.

मग ट्रक नकोच का, असं तुम्ही विचाराल. असू दे की. पण आधी विक्री प्रमाणपत्र, ठरलेली जागा, तिथे नळ, बायकांसाठी संडास आणि कचरा उचलायची वेळ. एवढं झाल्यावर गाडीला चाकं हवीत की नकोत, ते तिचं ती ठरवेल.