परीस आणि वहाणा

डिचोली तालुक्यातील नार्वे गावी श्रीसप्तकोटीश्वराच्या दर्शनास आम्ही गेलो असता देवळाबाहेर एक शाळकरी मुलगा जाडजूड इंग्रजी पुस्तकात मान खुपसून बसलेला दिसला. पुस्तक हॅरी पॉटरचे होते. आमच्याबरोबरचे शिक्षकमित्र हळहळले. ‘चेटकाच्या या पुस्तकांनी मुलांची विवेकबुद्धी मारली जाते,’ असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटले नाही. पण का पटले नाही, हे त्या वेळी नीट सांगताही आले नाही. तो राहिलेला खुलासा येथे करीत आहोत.

जे. के. रोलिंग यांच्या या मालेतील सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात निघाली. पहिले पुस्तक मराठीत बाळ ऊर्ध्वरेषे यांनी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आणले. नाव सुटसुटीत आहे, कानाला गोडही आहे. पण परीस म्हटल्यावर मराठी मनास फक्त लोखंडाचे सोने आठवते. मूळ कथेतील दगड सोने तर करतोच, शिवाय मरण टाळणारे अमृतही देतो, आणि खलनायकाला हवे आहे ते हे अमृत. सोन्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे शीर्षकात आला तो दगडाचा गौण गुण. मुख्य गुण बाहेरच राहिला. हा दोष भाषांतरकाराच्या पदरी घालावा असे मात्र आम्हांला वाटत नाही. दोन्ही गुण एकत्र सांगणारा शब्द आपल्याकडे तयार नाही.

त्याच पुस्तकातील आरशाचा प्रसंग आमच्या मते सबंध मालेतील सर्वोत्तम होय. पोरका हॅरी आरशासमोर उभा राहतो, तेव्हा त्यात त्याला मेलेले आईबाप दिसतात. तो रात्रीमागून रात्र तेथे जाऊन बसतो; आईबाप काही बाहेर येत नाहीत. पुढे तोच आरसा दगड कोणाला देतो, तर ज्याला तो सापडावासा वाटतो पण वापरावासा वाटत नाही त्यालाच. एवढी जादू हाताशी असूनही लेखिकेने गेलेले माणूस परत आणलेले नाही. शेवटी दगड नष्ट होतो आणि त्याच्या बळावर शतकानुशतके जगलेला वृद्ध किमयागार मरण पत्करतो. ज्या अद्भुताला नियम आहे आणि किंमत आहे, त्याने विवेकबुद्धी मारली जात नाही. उलट नियम कोठे मोडला हे वाचकमुले चटकन ओळखतात.

आणि तो मोडला आहेही. तिसऱ्या भागात काळ मागे नेणारे एक यंत्र येते. कथा त्यामुळे फार रंगते. पण असे साधन एकदा हाती आल्यावर पुढचे प्रत्येक संकट टाळता यावे, ही अडचण उरतेच. पाचव्या भागात ती यंत्रे एका झटापटीत फुटून जातात. आधी स्वस्तात दिलेली शक्ती लेखिकेने अशी गुपचूप परत घेतली, असेच आम्ही म्हणू. तो पाचवा भाग अवास्तव फुगलेला आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता थोडे घरचे. अद्भुत मराठीला परके नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी आपल्याकडे आणल्या, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पुढे कित्येक मुलांची झोप उडवली. नंतर मात्र बालवाङ्मयाने दुसरी वाट धरली. ताम्हनकरांचा गोट्या आणि भागवतांचा फास्टर फेणे ही दोन्ही पोरे आम्हांला अत्यंत प्रिय आहेत. पण त्यांचे जग आपले रोजचेच. विक्रम-वेताळाचा भार ‘चांदोबा’ने वाहिला, तोही सुट्या सुट्या गोष्टींतून. वाचकाबरोबर वर्षानुवर्षे वाढत जाणारी, सर्वांच्या तोंडी बसलेली अद्भुताची माला काही झाली नाही. मग मुलाच्या हाती इंग्रजी पुस्तक दिसले तर हळहळण्याचा अधिकार आपणांस कितपत पोचतो?

सामग्री नव्हती असेही नाही. पेडण्याची हद्द ओलांडली की वेंगुर्ले तालुक्यात आरवली लागते. तेथल्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्या झिजतात, अशी समजूत आहे. श्रद्धेचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र ही कल्पना अस्सल आहे. रक्षण करणाऱ्या देवाच्याही वहाणा झिजतात, म्हणजे येथेही अद्भुताला किंमत आहेच. नार्व्याचे तर इतिहासच बोलतो. कदंब राजांनी ज्याचा वरप्रसाद आपल्या बिरुदात मिरवला, तो देव सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर नदी ओलांडून या बाजूस आला. दिवाडीवरच्या त्याच्या गावाचे नावही नार्वेच. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

आम्ही त्या मुलाला विचारले, ‘देव नदीपलीकडून कसा आला, ठाऊक आहे?’ त्याने पुस्तकात बोट घालून ते मिटले आणि म्हणाला, ‘आजी सांगते. पण तिची गोष्ट एका रात्रीत संपते.’