जोकरचे व्रण आणि कारणमीमांसा

खलपुरुषाच्या दुष्टत्वाला सामाजिक कारण असते, हे गृहीत धरूनच अपराधशास्त्रीय समीक्षा सुपरहीरोपटांकडे वळते. रॉबर्ट मर्टनचा १९३८ मधील प्रमाणकशून्यतेचा सिद्धान्त टॉड फिलिप्सच्या ‘जोकर’ला (२०१९) सहज लागू पडतो. समाजमान्य उद्दिष्टे आर्थर फ्लेकपुढे आहेत, ती गाठण्याचे मार्ग मात्र बंद आहेत. शहराने निधी कापताच त्याचे समुपदेशन आणि औषधेही थांबतात. पण ही संगती पटकथेनेच आधी जुळवून ठेवलेली आहे. समीक्षक ती पुन्हा सांगतो, एवढेच.

सिद्धान्ताची खरी कसोटी क्रिस्टोफर नोलनच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) लागते. तेथील जोकर आपल्या चेहऱ्यावरील व्रणांची दोन परस्परविसंगत कथने करतो; एकात दारुडा बाप, दुसऱ्यात जुगारी पत्नी. तिसरे बॅटमन ऐकूनच घेत नाही. पैशांची रास जोकर जाळून टाकतो, तेव्हा मर्टनच्या ‘नवप्रवर्तका’च्या कोटीत तो बसत नाही. ‘बंडखोर’ म्हणावे, तर जुन्या मूल्यांच्या जागी आणावयाची नवी मूल्ये त्याच्यापाशी नाहीत. (ती असती, तर तो कदाचित नायकच ठरता.) कारणाची अपेक्षा हाच येथे उपहासाचा विषय होतो. समीक्षकाने थबकावे अशी ही जागा. तो मात्र बहुधा पहिल्याच कथनावर विश्वास ठेवून बालपणीच्या आघाताकडे निघून जातो.