‘लोकस्थिती’ आणि तिच्या मर्यादा : पंडिता रमाबाईंचे अमेरिकादर्शन

एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासवाङ्मयात पंडिता रमाबाईंच्या ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथाचे स्थान आता सर्वमान्य आहे. २००३ मध्ये त्याचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले आणि अभ्यासकांचे लक्ष त्याकडे नव्याने वळले. तथापि, ग्रंथाच्या नावातच ‘लोकस्थिती’ हा शब्द ‘प्रवासवृत्ता’च्या आधी यावा, याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या. परंतु प्रवासाचे कथन लवकरच मागे पडते आणि राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार-उद्योग व अखेरीस स्त्रियांची स्थिती असा विवेचनाचा क्रम लागतो. हे प्रवाशाचे लेखन नव्हे. आपल्या समाजासाठी तयार केलेला अहवाल आहे.

अहवाल म्हटला की निवड आली. रमाबाईंच्या दृष्टीने सुधारणेचे खरे साधन म्हणजे संघटना. मद्यपानविरोधी स्त्रीसंघटना, तिच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड, स्त्रियांच्या सभा व मंडळे यांविषयी त्या तन्मयतेने लिहितात. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषदेत त्या स्वतः सहभागी होत्या. इंग्रजांच्या राजसत्तेला पर्याय म्हणून त्यांना प्रजासत्ताक अमेरिका दिसते, आणि म्हणूनच ती उजळ दिसते. मात्र ही भक्ती आंधळी नाही. मूळ रहिवाशांवरील अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष त्यांनी झाकलेला नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, ती दास्यमुक्तीच्या कार्याबद्दल. रमाबाई तेथे गेल्या तेव्हा दक्षिणेतून संघराज्याचे सैन्य मागे घेऊन सुमारे दशक लोटले होते आणि मुक्ततेचे वचन विरू लागले होते. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेशेजारी हा ग्रंथ ठेवून वाचला पाहिजे, तो यासाठी.

उणीव आहे ती श्रमाच्या प्रश्नाबाबत. रमाबाईंच्या मुक्कामातच, मे १८८६ मध्ये, आठ तासांच्या कामाच्या मागणीच्या आंदोलनात शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्बस्फोट झाला; १८८७ मध्ये रेल्वे कंपन्यांना आवर घालण्यासाठी आंतरराज्य व्यापाराचा कायदा आला. मक्तेदारी आणि मजुरी यांभोवती त्या देशाचे राजकारण फिरू लागले होते. ग्रंथातील उद्योगाचे चित्र मात्र प्रामुख्याने उत्पादनशक्तीच्या कौतुकाचे आहे; कामगार त्यात मध्यवर्ती नाही.

ही उणीव अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातून पाहिली म्हणजे अधिक बोचते. येथे अमेरिका दोन वाटांनी आली. पहिली वाट मिशनची. १८३१ मध्ये येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र स्थापन झाले, सिंथिया फरार यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ येथूनच सुरू झाले. दुसरी वाट कापसाची. १८६१-६५ च्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, युद्ध संपताच कोसळले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला सावकारविरोधी उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. भावातील घसरण हे त्याचे कितपत कारण, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सारावाढ आणि कर्जव्यवहार यांचा वाटाही मोठा होता. तरीही अमेरिकेतील उलथापालथ दख्खनच्या बाजारपेठेत जाणवत होती, हे नाकारता येत नाही. ‘लोकस्थिती’त पहिल्या वाटेची अमेरिका आहे, दुसरीची फारशी नाही.

याला व्यावहारिक कारणही होते. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याच्या वर्गणीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. ज्या समाजाच्या दातृत्वावर विधवांचे शिक्षण उभे राहायचे, त्याच्या संपत्तीचा उगम विचारणे रमाबाईंना सोपे नव्हते. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे-भांडारकरांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, तेव्हा चर्चा देणगीदारांच्या धर्माभोवतीच फिरली. त्यांच्या गिरण्यांचा आणि रेल्वेचा प्रश्न टीकाकारांनाही पडला नाही.