पायाखालची वाकळ

शहाबादी फरशी उन्हाळ्यात जितकी मायाळू, तितकीच थंडीत निष्ठुर. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर चढतो, तेव्हा माणसं दुपारी उघड्या फरशीवर अंग टाकतात आणि तिचा गारवा मुरवून घेतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हाच पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या लातुरात तर थंडी जरा जास्तच बोचते. फरशीचा गुण दोन्ही ऋतूंत एकच असतो. चुनखडीचा हा दाट दगड अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. उन्हाळ्यात आपण त्याला त्यासाठी दुवा देतो आणि हिवाळ्यात पाय पोटाशी घेतो.

घरात या गारठ्याचा सगळ्यात मोठा वाटा येतो तो शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पदरी. स्वयंपाक करणारीला आचेची सोबत असते, झाडलोट करणारी हालती-फिरती असते. शिवणारीला मात्र तासन्‌तास एका जागी बसावं लागतं. पावलं एक तर मशीनच्या लोखंडी पायडलवर, नाही तर फरशीवर. कापड बेतायचं तर थेट जमिनीवर मांडी घालावी लागते, कारण परकराचा घेर टेबलावर मावत नाही. त्यात चप्पल घालून मशीनला पाय लावणं बहुतेकींना पटत नाही. खंडेनवमीला ज्याची हळद-कुंकू वाहून पूजा करायची, त्याच्यापाशी अनवाणीच बसायचं, अशी ही रीत आहे.

लातूरच्या अशाच एका शिवणाच्या खोलीत अंथरलेली वाकळ मी बसून, उलटून, हात फिरवून निरखली आहे. एखाद्या चांगल्या कवितेचं करतो तितक्याच निगुतीनं तिचं रसग्रहण करावं, असं मला मनापासून वाटतं. तिच्यात एकही गोष्ट उगाच आलेली नाही. तिच्या प्रत्येक देखणेपणामागे शरीराची एखादी गरज उभी आहे.

वाचायला सुरुवात खालून करावी. सगळ्यात तळाशी खताची रिकामी पोती उसवून, एकमेकांना जोडून अंथरलेली आहेत. पावसाळ्यात फरशीला ओल येते, ती वर चढू नये म्हणून ही सोय. त्यावर बारदान. तूर आणि सोयाबीनची मोठी आडत बाजारपेठ असलेल्या लातुरात बारदानाला तोटा नाही. तागाचा हा जाडाभरडा थर दगडाचा कठीणपणा शोषून घेतो, त्यामुळे मांडी घातल्यावर घोट्याचं हाड टोचत नाही. बारदानावर मऊ झालेली जुनी लुगडी आणि एक धोतर. इथवरची रचना मराठवाड्यातल्या कुठल्याही वाकळेची असू शकेल. या वाकळेचं वेगळेपण तिच्या पोटात आहे.

लुगड्यांच्या दोन पदरांमध्ये शिलाईच्या कतरणी पसरलेल्या आहेत. ब्लाउजचा गळा कापल्यावर उरलेल्या अर्धचंद्राकृती चकत्या, मुंढ्याच्या वळणदार फाका, परकराच्या कळ्यांचे तिरके तुकडे, अस्तराच्या पट्ट्या. एका जागी जाड थर, दुसऱ्या जागी पोकळी असं होऊ न देता त्या हातानं चाचपून मांडल्या आहेत. अर्धचंद्र एकमेकांत उलटसुलट बसवल्यामुळे त्यांच्यात फट राहत नाही. इतरांच्या अंगावरून जे गाळलं, त्यातून इथल्या शिवणारीनं स्वतःच्या पायांखालची भुई घडवली. कामानं उरवलेलं सामान त्याच कामाचा आधार होऊन बसतं, हा या वाकळेचा पहिला मोठा अर्थ.

वरचा पदर पाहताना आधी रंग डोळ्यांत भरतात. मशीनपुढे, पावलं टेकतात तिथे, गर्द निळे, मरून आणि काळपट हिरवे तुकडे आहेत, मळखाऊ रंगांचे. उजवीकडे, कापड बेतायच्या जागी, एकाएकी फिकट सुती कापडाचा मोठा चौकोन येतो. त्यावर नक्षी नाही, बुट्टी नाही. गर्द रंगांशेजारचं हे मोकळं अवकाश पाहताना एखाद्या चित्रकारानं योजून ठेवलेलं वाटतं, आणि ते योजलेलंच आहे. बेतताना हातून सुई किंवा टाचणी निसटली, तर या फिकट चौकोनावर ती लगेच दिसते. अनवाणी वावराच्या खोलीत पडलेली सुई वेळीच सापडणं ही ऊब मिळण्याइतकीच मोठी निकड आहे. डोळ्यांना विसावा देणारी जागाच पावलांना जपते. रंगसंगतीचा याहून पक्का हेतू मी क्वचित पाहिला आहे.

आता शिवण. ज्या खोलीत मशीन हाताशी आहे, त्याच खोलीत ही वाकळ मात्र सुई-दोऱ्यानं, हातानं शिवलेली आहे. या एका निवडीत तिची सगळी समज सामावली आहे. एक तर इतके थर मशीनच्या दाबपट्टीखाली जात नाहीत. पण त्याहून महत्त्वाचं कारण उबेचं आहे. कापसाच्या तंतूंमध्ये आणि कापडाच्या थरांमध्ये जी हवा अडकून राहते, तीच खरी गारठा अडवते. स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीनं वाहते. मशीनची घट्ट टीप थरांना दाबून चपटं करते, हवा निघून जाते, आणि जिथे टीप पडते तिथे गारवा वर यायला वाट मिळते. हातचा धावदोरा थरांना धरून ठेवतो, पण त्यांचा श्वास कोंडत नाही. दोन ओळींत इथे साधारण दोन बोटांचं अंतर आहे. ते याहून कमी असतं तर वाकळ ताठ झाली असती, आणि जास्त असतं तर कतरणी सरकून त्यांचे गोळे झाले असते.

हे टाके चारी कडांवरून निघून चौकोनी वळणं घेत मध्याकडे जातात. कडेला ओळी दाट आहेत, कारण झिजायला सुरुवात तिथून होते. बसायच्या जागी त्या विरळ होतात आणि वाकळ तिथे फुगीर, मऊ लागते. काही ओळी सरळ सुतात आहेत, काही मध्येच वाकड्या होऊन पुन्हा वाटेवर आल्या आहेत. हा वाकडेपणा मला दोष वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन सूत इकडेतिकडे चालत नाही, तिथे तिचा हात कायम धाकात असतो. इथे त्याच हाताला मोकळीक मिळाली आहे.

आणखी एक जागा दाद द्यावी अशी. मशीनचे बिडाचे पाय वाकळेवर ठेवले तर मशीन डुगडुगतं आणि टीप बिघडते. म्हणून ब्लाउजला गळा कापावा तसा तिनं वाकळेला मशीनपुरता गळा कापला आहे आणि त्याच्या कडेला तिरप्या पट्टीचा गोट लावला आहे. मशीन फरशीवर घट्ट उभं राहतं, पावलं पायडलवरून उतरली की सरळ उबेवर येतात, आणि मशीनच्या पायांत अडकल्यामुळे गुळगुळीत फरशीवरून वाकळ सरकत नाही. तीन अडचणींचं उत्तर एका कापात मिळालं आहे.

या वाकळेमागे भुईचा इतिहासही आहे. शेणानं सारवलेली मातीची भुई दगडाइतकी गार पडत नसे. त्या काळच्या अंथरुणाला मुख्यतः मऊपणा सांभाळायचा होता. फरशी आणि सिमेंट घरोघर आले, तसं उबेचं ओझंही अंथरुणावर पडलं. लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या गावांत हा बदल फार मोठ्या दुःखातून आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथल्या सिमेंटच्या घरांत जुन्या भुईची सवय असलेली पावलं नव्या जमिनीवर टेकली. अशा घरांत अंथरलेल्या वाकळेला केवळ काटकसर म्हणून मोजणं मला अपुरं वाटतं.

कापड वाचायची परंपरा या मुलखाला नवी नाही. लातूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. पांघरायच्या वस्त्रावर तत्त्वज्ञान मांडता येतं, हे या भूमीनं चारशे वर्षांपूर्वीच पाहिलं. आजही उदगीरला तयार होणाऱ्या खादीचा राष्ट्रध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आकाराला येतो. या भागात कापडावर फार मोठा अर्थ सोपवला जातो. वाकळेवर अक्षरं नाहीत, पण कुठला तुकडा कुठे आणि टाका किती दूर, या मांडणीत तिचं सगळं म्हणणं वाचता येतं.

नवरात्राआधी घरोघरी दसरा निघतो, गोधड्या धुतल्या जातात. ही वाकळ भिजली तर उचलवणार नाही. म्हणून तिला कडक ऊन दाखवतात, काठीनं झोडून धूळ आणि दोऱ्यांचा कचरा काढतात. वरचा पदर विरला की त्यावर नवा चढतो, जुना तसाच आत राहतो. त्यामुळे ती वयाबरोबर जाड आणि अधिक उबदार होत जाते.

बाजारात फोमच्या चटया मिळतात, त्यांनीही गारठा अडतो, आणि ज्यांना त्या सोयीच्या त्यांनी जरूर घ्याव्यात. पण सुई कुठे पडेल, पाऊल कुठे टेकेल, मशीन कुठे डुगडुगेल हे त्यांना आधी ठाऊक नसतं. शहरांतल्या घरांत आता गोधड्या भिंतीवर टांगल्या जातात आणि आपण त्यांना कला म्हणायला शिकलो आहोत. हा मान पायाखालच्या वाकळेलाही मिळायला हवा, किंबहुना आधी मिळायला हवा. टांगलेल्या गोधडीचे फक्त रंग उरतात. अंथरलेल्या वाकळेत रंग, रचना आणि ऊब एकमेकांपासून सुटत नाहीत. शिवाय त्या खोलीत शिवलं गेलेलं बाकी सगळं दुसऱ्यांच्या मापाचं, दुसऱ्यांच्या पसंतीचं आणि शिलाई ठरवून घेतलेलं असतं. ही एकच वस्तू त्या बाईनं स्वतःच्या मापाची बेतली आहे. तिच्या कसबाचा खरा अंदाज घ्यायचा असेल, तर तिचे ब्लाउज पाहून झाल्यावर चप्पल बाहेर काढावी आणि या वाकळेवर येऊन बसावं.