विश्वास कोणी कोणावर ठेवावा?

आपल्या कथापरंपरेत मांजराची प्रतिमा फारशी उजळ नाही. ‘हितोपदेशा’त जरद्गव या वृद्ध, आंधळ्या गिधाडाला धर्मवचने ऐकवून त्याच्या ढोलीत आश्रय मिळवणारा आणि झाडावरची पिल्ले खाऊन पसार होणारा दीर्घकर्ण हा मार्जारच. महाबलीपुरम येथील सातव्या शतकातील विशाल शिल्पपटात हात उंचावून तप करणारे एक मांजर आहे आणि त्याच्या पायाशी भाबडे उंदीर आहेत. मनुस्मृतीने दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले. मराठीने ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण रूढ केली. अपवाद एक, तो श्रीवैष्णवांच्या मार्जारन्यायाचा. पण तेथेही विश्वास आहे तो पिल्लाचा आईवर. प्रौढ मांजराच्या वाट्याला आपण संशयच ठेवला.

या परंपरेतील सर्वांत सखोल कथा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. एका वटवृक्षाखाली लोमश नावाचा मार्जार पारध्याच्या जाळ्यात सापडतो. पलित हा उंदीर एकीकडे मुंगूस आणि दुसरीकडे घुबड यांच्या कात्रीत असतो. तो लोमशाशी तह करतो, त्याच्या कुशीत आश्रय घेतो आणि पारधी अगदी जवळ आल्यावरच शेवटचा पाश कुरतडतो, म्हणजे सुटलेल्या मार्जाराला पळण्यावाचून दुसरे काही सुचू नये. संकट टळल्यावर लोमश मैत्रीचा हात पुढे करतो. पलित तो नाकारतो. गरजेतून जुळलेले सख्य गरजेबरोबर संपते, हा भीष्मांनी युधिष्ठिराला सांगितलेला बोध राजनीती म्हणून बिनतोड आहे.

परंतु या साऱ्या कथांमधून प्रश्न एकाच दिशेने विचारला गेला: मांजरावर विश्वास ठेवावा का? अंगणाच्या कुंपणावर येऊन बसणारे, ताटली ठेवली तरी आपण मागे सरेपर्यंत जवळ न येणारे बुजरे बेवारशी मांजर नेमका उलट प्रश्न विचारत असते: या माणसावर विश्वास ठेवावा का? हा प्रश्न ज्या लेखकांनी ऐकला, त्यांतील तिघांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिले रडयार्ड किपलिंग. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाच्या ‘जस्ट सो स्टोरीज’ (1902) या संग्रहात एकट्याने फिरणाऱ्या मांजराची कथा आहे. कुत्रा, घोडा आणि गाय एकामागून एक गुहेतल्या स्त्रीच्या अधीन होतात. मांजर मात्र करार करते. स्त्रीच्या तोंडून तीन वेळा प्रशंसा निघाली, तर गुहेत प्रवेश, शेकोटीजवळ जागा आणि दिवसातून तीनदा दूध. रडणारे मूल शांत करून आणि उंदीर मारून ते तिन्ही हक्क मिळवते. पण आपले स्वातंत्र्य सोडत नाही. कथा चातुर्याची आहे आणि वाचताना आनंद देते. तरीही किपलिंग पलितापासून फार दूर गेलेले नाहीत. येथेही तहच आहे. फरक इतकाच की तहाची कलमे या वेळी मांजराने घातली आहेत. हे मांजर कशालाच भीत नाही, आणि ज्याला भीती नाही त्याच्या विश्वासाची कसोटीही लागत नाही.

ती भीती ओळखली डोरिस लेसिंग यांनी. 2007 साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या लेखिकेचे ‘पर्टिक्युलरली कॅट्स’ हे पुस्तक 1967 साली प्रसिद्ध झाले. त्यात पुढे रूफस या भटक्या बोक्याच्या कथनाची भर पडली. लंडनमधील त्यांच्या घराशी आलेला हा आजारी, नारिंगी बोका अन्नापेक्षा पाण्यासाठी आसुसलेला असतो. त्याला घर मिळते, पण पुन्हा बाहेर काढले जाण्याची धास्ती त्याला सोडत नाही. त्याची मोठ्याने चाललेली गुरगुर समाधानाची किती आणि आर्जवाची किती, हे लेसिंग बारकाईने न्याहाळतात. त्या त्याचे धूर्तपण लपवत नाहीत आणि त्यासाठी त्याला दोषही देत नाहीत. जे वर्तन दीर्घकर्णाच्या बाबतीत ढोंग ठरले, तेच येथे निराश्रिताची जगण्याची कला ठरते.

येथे आपल्यासारख्या वाचकांना थोडे थांबावे लागते. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या काळात परमुलखात आलेले आपले पूर्वज राजसत्तेच्या छायेत आले. त्यांना रूफससारखे दाराशी बसावे लागले नाही. पण सनदेने वाडा मिळतो, शेजाऱ्याचा विश्वास मिळत नाही. तो मिळायला पिढ्या लागल्या, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

तिसरे लेखक जपानी कवी ताकाशी हिराइदे. त्यांची ‘नेको नो क्याकु’, म्हणजे ‘पाहुणे मांजर’, ही छोटी कादंबरी 2001 साली आली. एरिक सेलँड यांचा इंग्रजी अनुवाद 2014 साली प्रसिद्ध झाला. तोक्योतील एका जुन्या वाड्याच्या आवारात भाड्याने राहणारे एक दांपत्य आणि शेजाऱ्यांनी आसरा दिलेले चिबी हे मांजर, एवढाच ऐवज. चिबी या दांपत्याच्या घरी येऊ लागते, खाते, खेळते, झोपते. पण स्वतःला उचलू देत नाही. ती दोघेही तसा हट्ट धरत नाहीत. ते दार किंचित उघडे ठेवतात आणि वाट पाहतात. भोवती 1980च्या दशकाअखेरचे, जमिनींचे भाव गगनाला भिडलेले जपान आहे. जेथे प्रत्येक वीत जमिनीला मालक आणि किंमत आहे, तेथे मालकीविना जुळलेले हे नाते अधिकच नाजूक दिसते. त्याची किंमतही लेखक चुकवत नाही: चिबीच्या मृत्यूची वार्ता या दांपत्याला उशिरा कळते, कारण ते मांजर त्यांचे नव्हते. तिघांत मला हिराइदे श्रेष्ठ वाटतात ते या प्रामाणिकपणामुळे.

प्राणिशास्त्राचीही या दृष्टीला पुष्टी आहे. जन्मानंतर साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा सहवास न लाभलेली पिल्ले पुढे माणसाला बुजतात. हा बुजरेपणा लबाडीचा नव्हे, संगोपनाचा परिणाम आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली घरगुती मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसाने मांजराकडे पाहत डोळे सावकाश मिटून उघडले, तर ते त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ येण्याची शक्यता वाढते, असे त्यांत आढळले. म्हणजे ज्या मिटल्या डोळ्यांना आपल्या म्हणीने चोरीची खूण मानले, ते मांजरांच्या व्यवहारात निर्धास्तपणाचे चिन्ह असू शकते. म्हण खोटी ठरली असे नव्हे. ती दुधाच्या मालकाने रचलेली आहे, एवढेच.

मराठी ललित लेखनात मांजर येते ते बहुधा घरचे होऊन, लाडाचा किंवा विनोदाचा विषय म्हणून. कुंपणावरच्या बुजऱ्या मांजराविषयी लिहिण्यास वेगळा संयम लागतो. त्याच्या मनात आपले मन ओतायचे नाही, आणि ते जवळ आले नाही तरी लेखन थांबवायचे नाही. त्यासाठी जपान-इंग्लंडकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. शांतिपर्वात जाळ्यातून सुटलेला लोमश पलिताला विनवतो, उपकार स्मरतो, मैत्रीची शपथ घेतो. व्यासांनी त्याला बोलू दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याचे ते बोलणे खरे होते की नाही, हे पलिताला तपासून पाहणे परवडणारे नव्हते. आपल्याला परवडेल. लोमशाच्या बाजूने ती कथा मराठीत कोणी पुन्हा लिहिली, तर तिचे स्वागत करायला हवे.